विश्लेषण : व्हिपल शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने अल्सर का होतो? पित्ताची गोळी आणि वेदनाशामक यांचा त्याच्याशी संबंध काय?

स्वादुपिंडाची मोठी शस्त्रक्रिया पार पडली, केमोथेरपी संपली, स्कॅनचे रिपोर्ट चांगले आले. दर महिन्याची मुंबईची फेरी आता सहा महिन्यांवर गेली. रुग्ण पुन्हा दुकानात बसू लागला, शेतावर चक्कर मारू लागला. अशा वेळी अचानक थकवा जाणवतो, जिना चढताना धाप लागते आणि एके दिवशी शौचाचा रंग डांबरासारखा काळा दिसतो. घरच्यांच्या मनात पहिली शंका येते ती कर्करोग परतल्याची.

काही रुग्णांमध्ये कारण वेगळेच निघते. शस्त्रक्रियेत जठर आणि आतडे जिथे जोडले, त्या जोडालगत अल्सर झालेला असतो. डॉक्टर त्याला ‘मार्जिनल अल्सर’ म्हणतात. तो शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही होतो. वेळेत ओळखला तर बहुतेक वेळा औषधांनी बरा होतो. दुर्लक्ष झाले तर त्यातून मोठा रक्तस्राव होऊ शकतो किंवा आतड्याला छिद्र पडू शकते. शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यात होते, पण पुढची वर्षे रुग्ण नाशिक, मालेगाव, दिंडोरी किंवा सुरगाण्यात काढतो. म्हणून हा धोका घरच्यांना आणि गावातल्या डॉक्टरांना माहीत असणे महत्त्वाचे ठरते.

व्हिपल शस्त्रक्रिया म्हणजे काय?

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवे असते. त्याचा उजवीकडचा जाड भाग म्हणजे डोके. हे डोके लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणात, म्हणजे ड्युओडेनममध्ये, अगदी घट्ट बसलेले असते. दोघांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्याही सामायिक असतात. त्यामुळे डोक्यात गाठ असेल तर एकटे डोके काढता येत नाही.

व्हिपल शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचे डोके, ड्युओडेनम, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा खालचा भाग काढतात. काही वेळा जठराचा शेवटचा भागही काढला जातो. त्यानंतर उरलेले अवयव लहान आतड्याच्या पुढच्या भागाला, म्हणजे जेजुनमला, जोडले जातात. एक जोड उरलेल्या स्वादुपिंडाचा, दुसरा पित्तनलिकेचा आणि तिसरा जठराचा. आपला विषय आहे तो हा तिसरा जोड.

स्वादुपिंडाच्या डोक्याचा, पित्तनलिकेच्या खालच्या टोकाचा किंवा ड्युओडेनमचा कर्करोग ही या शस्त्रक्रियेची मुख्य कारणे. जुनाट स्वादुपिंडदाहाच्या काही रुग्णांवरही ती करावी लागते. गाठ स्वादुपिंडाच्या शेपटीकडे असेल तर फक्त तो भाग काढतात. त्या शस्त्रक्रियेत जठर आतड्याला जोडावे लागत नाही, म्हणून तिथे या अल्सरचा प्रश्न येत नाही. उलट, लठ्ठपणासाठी केल्या जाणाऱ्या गॅस्ट्रिक बायपासमध्ये असाच जोड असतो आणि तिथेही हा अल्सर दिसतो.

गोव्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर पर्रिकर यांचे १७ मार्च २०१९ रोजी निधन झाले, तेव्हा स्वादुपिंडाचा कर्करोग हा शब्द मराठी घराघरांत पोहोचला. हा आजार बहुधा उशिरा कळतो. निदान होते तेव्हा साधारण १५ ते २० टक्के रुग्णांवरच शस्त्रक्रिया शक्य असते. म्हणजे व्हिपल झालेला रुग्ण हा त्या मोजक्या सुदैवी रुग्णांपैकी एक असतो. एवढ्या कष्टाने मिळालेले आयुष्य औषधाने बऱ्या होणाऱ्या अल्सरमुळे धोक्यात येऊ नये, हा या विषयाचा गाभा आहे.

नेमका जोडावरच अल्सर का होतो?

इथे मराठीतला एक शब्द गोंधळ घालतो. आपण ‘पित्त झाले’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा जठरातल्या आम्लाबद्दल बोलत असतो. मेडिकलमध्ये मिळणारी ‘पित्ताची गोळी’ हेच आम्ल कमी करते. खरा पित्तरस यकृतात तयार होतो आणि पित्तनलिकेतून आतड्यात उतरतो. तो आम्लधर्मी नसतो. जठरातून आलेले आम्ल सौम्य करण्याच्या कामात त्याचाही हातभार असतो.

जठरात दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर जठररस तयार होतो. त्याचा पीएच एक ते दोनच्या आसपास, म्हणजे तो तीव्र आम्ल असतो. जठराच्या आतल्या अस्तराला ते सोसते, कारण त्यावर चिकट स्रावाचा संरक्षक थर असतो. पुढे अन्न ड्युओडेनममध्ये येते. तिथे या आम्लाला तोंड देण्याची तिहेरी व्यवस्था असते. स्वादुपिंड दिवसाला सुमारे दीड लिटर रस पाठवते, त्यात भरपूर बायकार्बोनेट असते. म्हणजे खायच्या सोड्यासारखाच आम्ल मारणारा घटक. पित्तरसही तिथेच येऊन मिळतो. शिवाय ड्युओडेनमच्या भिंतीतल्या ग्रंथी स्वतःचा संरक्षक स्राव सोडतात.

व्हिपलनंतर ड्युओडेनम नसते. जठराला थेट जेजुनम जोडलेले असते आणि जेजुनमच्या अस्तराला इतके आम्ल सोसण्याची सवय नसते. पित्तरस आणि स्वादुपिंडाचा रस वेगळ्या जोडातून येतो, त्यामुळे आम्लाशी त्याची गाठ पूर्वीसारखी नेमक्या जागी पडेलच असे नाही. उरलेले स्वादुपिंड काळानुसार आक्रसले तर बायकार्बोनेटही कमी पडते. त्यात टाक्यांच्या जागी रक्तपुरवठा थोडा कमी असेल तर झीज भरून निघायला वेळ लागतो. म्हणून अल्सर बहुतेक वेळा जोडाच्या आतड्याकडच्या बाजूला आढळतो.

किती जणांना होतो आणि कधी?

वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित विचार केला तर व्हिपल झालेल्या दर शंभर रुग्णांमागे साधारण दोन-तीन जणांना मार्जिनल अल्सर होतो. काही रुग्णालयांच्या नोंदींत हे प्रमाण याहून जास्त आहे. कोणतीही तक्रार नसलेल्या रुग्णांची एंडोस्कोपी सहसा होत नाही. त्यामुळे शांत राहिलेले अल्सर या हिशेबात येत नाहीत.

निदान सरासरी वर्ष-सव्वा वर्षानंतर होते. काहींत ते दोन-तीन महिन्यांत, तर काहींत अनेक वर्षांनी. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही आठवड्यांत होणारा रक्तस्राव हा वेगळा प्रकार आहे. त्यामागे बऱ्याचदा स्वादुपिंडाचा रस गळून जवळच्या रक्तवाहिनीला झालेली इजा असते आणि त्यावेळी रुग्ण सहसा शल्यचिकित्सकांच्या देखरेखीखाली असतो. अल्सरचा रक्तस्राव होतो तेव्हा रुग्ण घरी असतो, कामाला लागलेला असतो आणि कोणाच्या ध्यानीमनी नसते.

हा प्रश्न नवा आहे का?

नाही. जठर आणि आतडे जोडण्याच्या शस्त्रक्रिया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाल्या आणि जोडावरच्या अल्सरच्या नोंदीही तेव्हापासूनच्या आहेत. जर्मनीत वॉल्टर काउश यांनी १९०९ मध्ये स्वादुपिंडाचे डोके व ड्युओडेनमचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. न्यूयॉर्कचे सर्जन अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये आपल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तेव्हा ती दोन टप्प्यांत होत असे. पुढे ती एकाच टप्प्यात होऊ लागली आणि त्यांच्या नावाने ओळखली गेली.

अल्सर टाळण्यासाठी एके काळी जठराचा बराचसा भाग काढला जाई, किंवा आम्लनिर्मितीला चालना देणाऱ्या व्हेगस नसेच्या शाखा कापल्या जात. १९७८ मध्ये अमेरिकेतील ट्रॅव्हर्सो आणि लाँगमायर यांनी जठर व त्याचे दार, म्हणजे पायलोरस, राखून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत पुन्हा पुढे आणली. कोणत्या पद्धतीत अल्सर कमी होतात, यावर आजही एकमत नाही. खरा फरक पडला तो औषधांमुळे. १९७० च्या दशकात सिमेटिडिन आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ओमेप्राझोल आले. आम्ल कमी करण्यासाठी नस कापण्याची गरज जवळपास संपली.

त्याच काळात शस्त्रक्रियाही सुरक्षित होत गेली. १९६०-७० च्या दशकात व्हिपलनंतर दर चार-पाच रुग्णांपैकी एक रुग्णालयातच दगावत असे. आज मोठ्या संख्येने या शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रांत हे प्रमाण पाच टक्क्यांखाली आले आहे. रुग्ण अधिक काळ जगू लागले, म्हणून उशिरा उद्भवणाऱ्या त्रासांकडे लक्ष देण्याची गरजही वाढली.

वेदनाशामक गोळी इतकी घातक का?

डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, केटोरोलॅक ही एकाच गटातली वेदनाशामके. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. ती दुखणे आणि सूज वाढवतात, पण जठर-आतड्याच्या अस्तरावरचा संरक्षक थर आणि तिथला रक्तपुरवठाही तीच राखतात. ही औषधे प्रोस्टाग्लँडिन कमी करतात. दुखणे थांबते आणि त्यासोबत अस्तराचे कवचही पातळ होते. ज्याच्या जोडावर मुळातच संरक्षण कमी आहे, त्याला हे महागात पडते.

‘गोळीने पोट बिघडते, म्हणून इंजेक्शन घेतले’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. परिणाम रक्तावाटे होतो, त्यामुळे इंजेक्शननेही अल्सर होऊ शकतो. वरून लावायच्या मलमातून रक्तात जाणारे औषध बरेच कमी असते, तरी तेही डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

नाशिक जिल्ह्यात अशा गोळ्या घेण्याचे प्रसंग वर्षभर येतात. निफाड-दिंडोरीत द्राक्षाची छाटणी असो, कांद्याची काढणी असो, कंबर आणि खांदे धरतात. पावसाळ्यानंतर चिकुनगुनियाची सांधेदुखी महिनोन्‌महिने रेंगाळते. मेडिकलमध्ये ‘अंगदुखीची गोळी द्या’ म्हटले की पॅरासिटामॉलसोबत अ‍ॅसिक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन जोडलेली गोळी हातात पडू शकते. त्यामुळे फक्त ‘पॅरासिटामॉल’ शब्द पाहून निश्चिंत होऊ नये. पाकिटावरची घटकांची पूर्ण यादी वाचावी. व्हिपल झालेल्या रुग्णाला दुखण्यावर साधारणपणे नुसते पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित असते, मात्र मात्रा डॉक्टरांनी ठरवलेलीच असावी.

बाजारात मिळणाऱ्या, घटक न छापलेल्या सांधेदुखीच्या पुड्या आणि गोळ्या यांपासून तर लांबच राहावे. अशा काही औषधांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळल्याचे यापूर्वी उघड झाले आहे. स्टेरॉइडमुळे जखम भरायला वेळ लागतो आणि वेदनाशामकासोबत घेतले तर अल्सरचा धोका आणखी वाढतो.

हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन सुरू असेल तर?

अ‍ॅस्पिरिन कमी मात्रेतही अस्तराला इजा करू शकते. पण हृदयात स्टेंट असलेल्या रुग्णाने ते स्वतःहून बंद करणे जिवावर बेतू शकते. अशा रुग्णाने हृदयरोगतज्ज्ञांना व्हिपल झाल्याचे आणि शल्यचिकित्सकांना अ‍ॅस्पिरिन सुरू असल्याचे सांगावे. सहसा सोबत आम्ल कमी करणारी गोळी देऊन मार्ग काढला जातो.

तंबाखूचा संबंध किती?

विडी-सिगारेट ओढणे हे जोडावरच्या अल्सरचे ठोस कारण मानले जाते. धुरामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, जोडाला रक्त कमी मिळते आणि झालेला अल्सर भरत नाही. औषधे सुरू असूनही अल्सर बरा होत नसेल तर डॉक्टर पहिला प्रश्न धूम्रपानाचा विचारतात तो यामुळे. सिन्नरसारखा विडी उद्योगासाठी ओळखला गेलेला तालुका असलेल्या जिल्ह्यात हा मुद्दा घराघरांतला आहे. ‘ओढत नाही, फक्त मळून खातो’ हीही सुटका नाही. निकोटीन तंबाखू चघळूनही रक्तात जाते आणि स्वादुपिंडाच्या रुग्णाला तंबाखू कोणत्याही रूपात नकोच.

‘हेलिकोबॅक्टर’ जंतू तपासावा का?

साध्या अल्सरमागे बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो, हे ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी दाखवून दिले. त्याबद्दल त्यांना २००५ चे नोबेल मिळाले. भारतात या जंतूचा संसर्ग मोठ्या प्रमाणावर आढळतो. जोडावरच्या अल्सरमध्ये त्याचा वाटा साध्या अल्सरइतका स्पष्ट नाही, तरी अल्सर सापडला तर तपासणी करून जंतू असल्यास त्यावर उपचार केले जातात.

एक अडचण लक्षात ठेवावी. पित्ताची गोळी सुरू असताना श्वासाची किंवा शौचाची तपासणी खोटी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. तपासणीआधी साधारण दोन आठवडे ती थांबवावी लागते. मात्र जोडावर अल्सर असताना गोळी थांबवायची की नाही, हे डॉक्टरच ठरवतील.

पित्ताची गोळी किती दिवस घ्यायची?

पँटोप्राझोल, राबेप्राझोल, ओमेप्राझोल, एसोमेप्राझोल ही औषधे जठरातील आम्ल तयार करणारे ‘पंप’ बंद करतात. शस्त्रक्रियेनंतर ती बहुतेकांना दिली जातात. किती काळ, याबाबत रुग्णालयांच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. कुठे काही महिने, कुठे वर्षभर, तर जास्त धोका असलेल्यांना त्याहूनही अधिक काळ.

गोंधळ घरी होतो. डिस्चार्जच्या वेळी लिहून दिलेली पट्टी संपते आणि नवी आणली जात नाही. ‘जळजळ होत नाही, मग गोळी कशाला?’ असे वाटते. डझनभर औषधांत सर्वांत साधी वाटणारी गोळी पहिली बंद होते. नवरात्रात किंवा चातुर्मासात उपवास असेल तर ‘जेवणाआधी’ लिहिलेली गोळी जेवणच नाही म्हणून राहते. जळजळ न होणे म्हणजे आम्ल नसणे, असा अर्थ काढता येत नाही.

ही गोळी साधारणपणे खाण्यापूर्वी अर्धा तास घेतली तर तिचा परिणाम चांगला होतो. दुसऱ्या बाजूला, वर्षानुवर्षे घेतल्यास बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होणे, हाडे ठिसूळ होणे अशा शक्यता असतात. लोह आणि कॅल्शियमच्या शोषणात ड्युओडेनमचा महत्त्वाचा वाटा असतो आणि व्हिपलनंतर ते नसतेच. त्यामुळे गोळी आपल्या मनाने बंदही करू नये आणि विचारल्याशिवाय आयुष्यभर चालूही ठेवू नये. प्रत्येक फेरतपासणीत एक प्रश्न थेट विचारावा : ‘ही गोळी अजून किती दिवस?’ आणि उत्तर तारखेसह केसपेपरवर लिहून घ्यावे.

कोणती लक्षणे दिसली तर थांबू नये?

काळी, डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची शौच ही सर्वांत महत्त्वाची खूण. वरच्या आतड्यात साधारण ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे एका कटिंग चहाइतके रक्त गेले तरी शौच काळी होऊ शकते. ती दिसली की त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

इथे एक फसगत होते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते आणि व्हिपल झालेल्या अनेकांना लोह सुरू असते. लोहामुळे येणारा रंग बहुधा काळपट हिरवा असतो, शौच चिकट नसते आणि तो उग्र वास नसतो. पण घरच्या घरी निवाडा करण्यात वेळ घालवू नये. चक्कर, धाप, छातीत धडधड किंवा चेहरा पांढरा पडणे यांपैकी काही सोबत असेल तर ‘लोहामुळे असेल’ हे कारण पुरेसे नाही.

रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली तर ती आणीबाणी समजावी. पोटात अचानक सुरी खुपसल्यासारखी कळ येऊन पोट लाकडासारखे कडक झाले तर छिद्र पडल्याची शक्यता असते. मधुमेही, वयस्कर किंवा स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांत ही कळ सौम्यही असू शकते. सतत उलट्या आणि दोन घास खाल्ले की पोट भरणे, हे जोड अरुंद झाल्याचे लक्षण असू शकते.

काहींना यांपैकी काहीच होत नाही. अल्सरमधून थेंब थेंब रक्त जात राहते आणि फक्त हिमोग्लोबिन उतरत जाते. ‘केमोमुळे अशक्तपणा आला’ म्हणून त्याकडे महिनोन्‌महिने दुर्लक्ष होते. केमो संपून बरेच दिवस झाले आणि हिमोग्लोबिन तरीही घसरत असेल तर कारण शोधायलाच हवे.

नाशिकमध्ये काय करता येईल?

अशा वेळी ‘जिथे ऑपरेशन झाले तिथेच जाऊ’ असा विचार मनात येणे साहजिक आहे. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून परळला जाणे फेरतपासणीसाठी ठीक. रक्तस्राव सुरू असताना कसारा घाट ओलांडण्याचा धोका पत्करू नये. आधी जवळच्या, चोवीस तास सुरू असलेल्या आणि रक्त व एंडोस्कोपीची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. रुग्ण स्थिर झाला की मूळ शल्यचिकित्सकांशी बोलून पुढचे ठरवता येते.

पेठ, सुरगाणा, कळवण अशा तालुक्यांतून नाशिकला यायला घाटरस्त्यांमुळे बराच वेळ जातो. तिथल्या रुग्णांनी काळी शौच दिसताच निघावे, रात्र काढून सकाळची वाट पाहू नये. राज्यात २०१४ पासून सुरू असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका यासाठी मोफत बोलावता येते. ग्रामीण रुग्णालयात सलाइन आणि प्राथमिक उपचार घेऊन पुढे येणे अधिक सुरक्षित.

सरकारी व्यवस्थेत शहरात जिल्हा रुग्णालय आणि शालिमारचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या एकत्रित योजनेत प्रति कुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. कोणता उपचार त्यात बसतो, हे योजनेत सहभागी रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवावे.

निदान आणि उपचार कसे होतात?

तोंडावाटे दुर्बीण घालून, म्हणजे एंडोस्कोपीने, जोड प्रत्यक्ष पाहिला जातो. शस्त्रक्रियेमुळे पोटातली रचना बदललेली असते. तपासणाऱ्या डॉक्टरांना व्हिपल झाल्याचे आधी माहीत असेल तर ते दुर्बीण जोडाच्या पुढेपर्यंत नेऊन नीट पाहतात. माहीत नसेल तर ‘जठर ठीक आहे’ एवढ्यावर तपासणी संपू शकते आणि पलीकडचा अल्सर राहून जातो. अल्सरच्या जागी कर्करोग पुन्हा उद्भवलेला नाही ना, हे पाहण्यासाठी गरजेनुसार तुकडाही तपासतात. छिद्राची शंका असल्यास एंडोस्कोपीऐवजी आधी सीटी स्कॅन करतात.

रक्तस्राव होत असेल तर दुर्बिणीतूनच इंजेक्शन देऊन, क्लिप लावून किंवा उष्णता देऊन तो थांबवता येतो. गरज पडल्यास रक्त चढवतात. त्यानंतर आम्ल कमी करणारे औषध जास्त मात्रेत आणि अनेकदा अल्सरवर थर देणारे सुक्रालफेट दिले जाते. वेदनाशामक आणि तंबाखू बंद. साधारण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एंडोस्कोपी करून अल्सर भरला का, हे पाहतात. जळजळ थांबली म्हणून ही दुसरी तपासणी टाळू नये.

छिद्र पडले, रक्तस्राव थांबतच नाही किंवा जोड पूर्ण अरुंद झाला, तरच पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. पहिल्या शस्त्रक्रियेमुळे आतडी एकमेकांना चिकटलेली असतात, म्हणून ही दुसरी शस्त्रक्रिया अवघड असते. तिथपर्यंत वेळ येऊ न देणे हेच शहाणपणाचे.

फोनमध्ये काय साठवून ठेवावे?

तातडीच्या वेळी कपाटातली जाड फाइल सापडत नाही, फोन मात्र हाताशी असतो. डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद, बायोप्सीचा शेवटचा रिपोर्ट आणि सुरू असलेल्या औषधांची यादी यांचे स्पष्ट फोटो काढून ठेवावेत. तेच फोटो घरातल्या आणखी दोघांच्या फोनवर पाठवून ठेवावेत. मूळ रुग्णालयाचा क्रमांक आणि केस नंबरही त्यात असावा.

आणि पुढील मजकूर एका कागदावर लिहून रुग्णाच्या पाकिटात ठेवावा. मेडिकलवाल्यापासून अपघात विभागातल्या डॉक्टरांपर्यंत कोणालाही तो दाखवता येईल :

‘माझी व्हिपल शस्त्रक्रिया झाली आहे. महिना व वर्ष : ____. रुग्णालय : ____. माझे जठर थेट लहान आतड्याला जोडलेले आहे. मला डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशी वेदनाशामके गोळी किंवा इंजेक्शन, कोणत्याही रूपात विचारपूर्वकच द्यावीत. मी सध्या आम्ल कमी करणारी गोळी घेतो/घेते : होय / नाही. काळी शौच किंवा हिमोग्लोबिन कमी झाल्यास जोडावरच्या अल्सरची शक्यता तपासावी.’

(या लेखातील माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. औषध सुरू करणे, बदलणे किंवा बंद करणे हे आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे.)